अकरा बाटल्या

काकूंचं वजन सव्वा वर्षात चौदा किलोंनी उतरलं. त्या सव्वा वर्षात काका रोज त्यांच्या समोर बसून जेवत होते.

डॉक्टरांना त्यात फारसं नवल वाटलं नाही. चौदा किलो ऐकायला जास्त वाटतात, ते म्हणाले, पण दिवसावर वाटून बघा, तीस ग्रॅम होतात. दोन मोठे चमचे साखर. डब्यातून रोज दोन चमचे साखर गेली तर डबा उतरलेला कुणाच्या लक्षात येतो? डॉक्टर भले होते. शिवाय काका काय काम करतात हे त्यांना माहीत नव्हतं.

काका काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. खोली एकच, खुर्ची एकच, वर्षं एकतीस. खोलीला खिडकी नव्हती. भिंती काळ्या रंगवलेल्या. समोर एक मोठी दुधी काच आणि तिच्यामागे दिवे. त्या काचेपुढून पट्ट्यावर बाटल्या जायच्या. डावीकडून उजवीकडे, मिनिटाला शंभर. कारखान्यात त्या खोलीला अंधारी म्हणत. अंधारीत बसायचं आणि बघायचं. केसाएवढा तडा, काचेत अडकलेला खडा, मोहरीएवढा बुडबुडा, वाकडा गळा. दिसला की बाटली मानेला धरून उचलायची आणि शेजारच्या पिंपात टाकायची. टाकताना हाताकडे बघायचं नाही. तेवढ्यात तीन बाटल्या निघून जातात.

वीस मिनिटं झाली की उठायचं, हा नियम होता. त्यापुढे डोळे उघडे राहतात, पण बघणारा आत नसतो. उठल्यावरची दोन मिनिटं गमतीची असत. समोरची भिंत उजवीकडून डावीकडे वाहू लागायची. भिंत तसूभर हललेली नसायची, तरी वाहायची. नवीन माणसं दाराची चौकट घट्ट धरून उभी राहत. एकाला तर उलटी झाली होती. काकांनी पहिल्याच आठवड्यात घरी येऊन हे सांगितलं. लग्नाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

"मग माझ्याकडे बघाल तेव्हा मी कुठल्या दिशेला चालले ते सांगत जा," काकू म्हणाल्या. "नाहीतर चुकेन मी."

पण खरी गंमत पाहुण्यांची होती.

कारखान्याची भट्टी चांगली होती. खराब बाटली हजारांत एखादी यायची, कधी तीन-तीन हजारांत एकही नाही. म्हणून कारखानाच मुद्दाम खराब बाटल्या सोडायचा. प्रयोगशाळेतला एक माणूस त्या निवडून ठेवी, प्रत्येकीच्या बुडाला बिनरंगाचा एक ठिपका देई आणि दिवसभरात वाटेल तेव्हा, कुणाला पत्ता न लागू देता, पट्ट्यावर ठेवून देई. ठिपका फक्त जांभळ्या दिव्याखाली चमकायचा. पाळी संपली की पिंप तपासलं जाई. पाहुण्या किती आल्या, किती धरल्या, किती निसटल्या, सगळं फळ्यावर लिहिलं जाई. पाहुण्या हे नाव कामगारांनी ठेवलेलं. लांबूनच डोळ्यात भरणारा तडा असेल तर ती माहेरची पाहुणी, हाक मारत येणारी. काचेत लपलेला दोरा असेल तर सासरची, आवाज न करता येऊन घर तपासून जाणारी. जेवणाच्या सुट्टीत हेच चालायचं. कुणाच्या चार निसटल्या की बाकीचे विचारायचे, "काय रे, पाहुण्यांना पाणीसुद्धा विचारलं नाहीस?"

काकांच्या नावापुढे फळ्यावर निसटलेल्या रकान्यात शून्य असे. सलग नऊ वर्षं शून्य. म्हणून त्यांचं नाव दुर्बीण पडलं. पुढे वय झालं तसे ते दुर्बीणकाका झाले, मग नुसते काका.

हा डोळा ते कामावर ठेवून येत नसत. लोकांच्या घरी चहाचा कप हातात आला की तो उजेडाकडे धरायचे. नकळत. कपाला तडा असला तर काही न बोलता चहा पिऊन टाकायचे, पण यजमानबाईंचा चेहरा पडायचाच. वाटेत एखाद्याला थांबवून सांगायचे की शर्टाचं तिसरं बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलंय. काचसामानाचा दुकानदार त्यांना लांबून येताना बघून हात जोडायचा. काकूंना याचा अभिमान होता आणि कंटाळाही होता. जगाच्या बटणांचे दोरे दिसतात, त्या म्हणायच्या, आणि कपाटातला स्वतःचा सदरा मला विचारतात.

हे त्या हसत म्हणायच्या. काकाही हसायचे.

आता मेव्हणीची गोष्ट.

काकूंची धाकटी बहीण लांब राहायची. सव्वा वर्षानंतर ती एका रविवारी सकाळी आली. काका आत पेपर वाचत होते. बेल वाजली, काकूंनी दार उघडलं. काकांना आतून मेव्हणीचा आवाज ऐकू आला.

"ताई आहे का घरात?"

काकांना वाटलं, ही चेष्टा करतेय. काकूंनाही तेच वाटलं. त्या हसल्या, म्हणाल्या, ताई कामाला गेली, मी नवीन बाई आहे. काका पेपर खाली ठेवून हसत बाहेर आले. दारात मेव्हणी हसत नव्हती. तिनं काकूंचं मनगट हातात धरलं होतं आणि ती काकांकडे बघत होती.

पुढे सगळं भराभर झालं. तपासण्या, मोठं इस्पितळ, एक शस्त्रक्रिया, आणि मग दुसरी करण्यात अर्थ नाही असं सांगणं. काकूंनी स्वतःचे सगळे कपडे आतून टाके घालून लहान केले होते, हे तेव्हा मेव्हणीला सापडलं. मापं सैल शिवून दिली म्हणून त्या मधल्या काळात शिंप्याशी भांडूनही आल्या होत्या. त्यांनाही त्या स्वतः दिसल्या नव्हत्या. मेव्हणी आल्यापासून चार महिन्यांनी त्या गेल्या.

काकांना एकच मुलगी. ती दुसऱ्या शहरात, पदरात लहान मूल, नोकरी. दर रविवारी फोन करायची. काकूंना व्हिडिओ कॉल कधी जमला नाही. त्या फोन कानालाच लावायच्या, मुलीला आईचा कान आणि छताचा पंखा दिसायचा. मुलगी इस्पितळात आली तेव्हा दाराशीच थबकली. नंतर जिन्यात ती काकांना एवढंच म्हणाली,

"पळत्या बाटलीवरचा केसाएवढा तडा दिसतो तुम्हाला. आई दिसली नाही, बाबा?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, काकांना कितीदा तरी वाटलं. त्यांनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि एक पायरी खाली उतरले. का उतरले, तेही त्यांना कळलं नाही.

काकू गेल्यावर मुलगी तीन दिवस राहिली आणि गेली. मग आली नाही. फोन यायचा, पण दर रविवारचा एक सोडून एक रविवार झाला. प्रश्न ठरलेले होते. जेवलात का, गोळी घेतली का, झोप लागते का. काका हो म्हणायचे. मग ती म्हणायची, ठेवते.

काकांना त्या जिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. मुलीला द्यायला हवं होतं म्हणून, आणि तिनं विचारलं नसतं तरीही. आपण बघितलं नाही, की बघूनही दिसलं नाही? दोन्हींत फरक आहे, असं त्यांना वाटायचं. पहिला गुन्हा आहे. दुसरा काय आहे, ते माहीत नव्हतं.

म्हणून त्यांनी घर तपासायला घेतलं. सुट्टीच्या दिवशी खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवायची आणि एका भिंतीकडे वीस मिनिटं बघायचं. पहिल्याच दिवशी त्यांना घड्याळ दिसलं. ते स्वयंपाकघराच्या दारावर होतं. काकांच्या डोक्यात मात्र ते खिडकीवर होतं. खिडकीवर फक्त खिळा होता आणि भिंतीवर फिकट गोल डाग. शेजारीण पीठ परत द्यायला आली होती, तिला त्यांनी विचारलं, हे घड्याळ इकडे कधी आलं.

"अहो, दोन वर्षं झाली की," शेजारीण म्हणाली. "काकूंनीच हलवलं, तिकडे ऊन यायचं म्हणून. मीच तर स्टूल धरलं होतं." मग काकांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "आमचे तर दाढी काढून आले की मलाच सांगावं लागतं त्यांना, की काढली म्हणून."

ती हसवायला बोलली होती. काका हसले नाहीत. दोन वर्षं ते रोज त्या घड्याळात बघून कामाला निघत होते. वेळ बरोबर दिसत होती. घड्याळ दिसलं नव्हतं.

मग दर सुट्टीला काही ना काही सापडू लागलं. दिव्याच्या बिघडलेल्या बटणावर काकूंनी चिकटवलेली पट्टी. पलंगाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. डब्यांवर चिठ्ठ्या, काकूंच्या अक्षरात, आणि चिठ्ठ्यांची शाई दोन रंगांची. म्हणजे मध्ये केव्हातरी त्यांचं पेन संपलं होतं, त्यांनी नवं आणलं होतं. हे त्यांनी जेवताना सांगितलंही असेल. काकांनी आठवून बघितलं. जेवताना समोर बसलेल्या काकूंचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला की त्यांना लग्नानंतरच्या चार-पाच वर्षांतला चेहरा दिसायचा. गोल, कानामागे केस खोचलेले. शेवटच्या सव्वा वर्षातला एकही दिवस डोळ्यांपुढे यायचा नाही. रोज समोर बसलेल्या बाईला ते बघत नव्हते. जुनीच कुणीतरी तिच्या जागी बसवून तिच्याशी बोलत होते.

हे कुणाला सांगायचं? मेव्हणीला सांगणं शक्य नव्हतं. कामावर बोलण्याची सोय नव्हती. तिथे ते दुर्बीण होते. काकू गेल्यावरसुद्धा फळ्यावर शून्यच होतं. काकांना त्या शून्याची शिसारी येऊ लागली.

दीड वर्ष असं गेलं आणि निवृत्तीचा दिवस आला. जेवणाच्या सभागृहात छोटा समारंभ झाला. सुपरवायझर काकांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होते, पण काका त्यांना साहेब म्हणायचे. साहेबांनी भाषणात नऊ वर्षांच्या शून्याचा उल्लेख केला. टाळ्या झाल्या. एक जण म्हणाला, आता पाहुण्यांचे लाड कोण करणार. काकांना एक भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. त्यांनी ते खोक्यातून काढूनही बघितलं नाही.

संध्याकाळी ते कपाटाची किल्ली द्यायला साहेबांच्या खोलीत गेले. किल्ली टेबलावर ठेवली, पण निघाले नाहीत.

"साहेब, एक विचारायचं होतं. माझी खरंच एकही कधी सुटली नाही?"

साहेब म्हणाले, काका, फळा काय खोटं बोलतो का.

"पाहुण्यांचं नाही विचारत. खऱ्या बाटलीचं विचारतोय."

साहेबांनी किल्ली उचलली, उगाच खिळ्याला अडकवली, पुन्हा काढली. मग त्यांनी दार लोटून घेतलं. सांगावं की नाही याचा विचार करताना माणूस जसा आधी बसतो तसे बसले, आणि म्हणाले, आता सांगायला हरकत नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रयोगशाळेतला माणूस जिन्यावरून पडला, पाय मोडला, महिनाभर घरी. त्याचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या महिन्यात पट्ट्यावर एकही पाहुणी सोडली गेली नाही. अंधारीत हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंही कुणाला वाटलं नाही. फळ्यावर सगळ्यांच्याच नावापुढे शून्य होतं. एक आलीच नाही, तर निसटणार कुठली? आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाकडून खोकी परत आली. तडा गेलेल्या, खडा असलेल्या, खऱ्याखुऱ्या खराब बाटल्या. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ असतेच. साहेबांनी ती पाळीच्या वहीशी लावून बघितली.

"तुमच्या वीस-वीस मिनिटांतल्या किती होत्या सांगू? अकरा."

काका उभेच होते.

"बाकीच्यांच्या जास्त होत्या, काका. एकाच्या तर तीस. तुमच्या सगळ्यांत कमी."

मग कारखान्यानं एका जाणकार बाईंना बोलावलं, साहेब सांगत होते. त्या असल्याच गोष्टींचा अभ्यास करायच्या, माणसाचं लक्ष कधी लागतं, कधी उडतं. दोन दिवस अंधारीत बसल्या. मग म्हणाल्या की कामगारांना बोल लावू नका. जे सहसा नसतंच ते शोधायचं काम डोकं फार दिवस करत नाही. बराच वेळ काही सापडलं नाही की ते ठरवून टाकतं, इथे काही नाही. डोळा बघत राहतो, पण डोकं त्याला विचारायचं थांबतं. आणि माणसाला वाटत राहतं की आपण डोळ्यात तेल घालून बघतोय. पाहुण्या असतात म्हणून तर तुमची माणसं बघतात. त्या दुप्पट करा.

"म्हणून दुप्पट झाल्या होत्या त्या?" काकांनी विचारलं.

"म्हणून. तुम्हाला वाटलं होतं मी छळतोय."

"मला का नाही सांगितलं तेव्हा?"

"काय सांगणार? दुर्बिणीला जाऊन सांगू की तुला दिसत नाही?" साहेबांनी किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली. "काकूही होत्या तेव्हा. तुम्ही घरी जाऊन त्यांना सांगितलं असतं. मला बरं वाटलं नाही."

काका घरी चालत आले. रस्त्यात त्यांना हलकं वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा. घरात तीस वर्षं एकही पाहुणी आली नव्हती. कुणी पाठवलीच नव्हती. काकू रोज तशाच होत्या, रोज ठीक होत्या, आणि डोक्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं की इथे काही नाही. मग पहिलीच आली ती खरी आली. यात आपला काय दोष?

चौकात ते थांबले. दोष नाही, हे इतकं सोपं जमलं याची त्यांना भीती वाटली. अकरा बाटल्या सुटल्या तेव्हा अंधारीत दुसरं कुणी नव्हतं. तेच होते. खुर्चीत तेच होते.

घरी येऊन त्यांनी मुलीला फोन लावला. रविवार नव्हता. तिनं उचलल्या उचलल्या विचारलं, "काय झालं?"

काही झालं नाही, ते म्हणाले, आणि त्यांनी तिला अकरा बाटल्यांची गोष्ट सांगितली. सगळी, पाय मोडल्यापासून. लांबून तिच्या मुलाचा काहीतरी आपटण्याचा आवाज येत होता.

"म्हणजे तुमचा दोष नव्हता," ती शेवटी म्हणाली. "हे सांगायला फोन केलात?"

"नाही. दोष आहे. तो कुठे आहे ते आज कळलं, म्हणून केला."

तिनं मुलाला हाक मारली, आपटू नको म्हणून. मग म्हणाली, ठेवते. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काकांना आता कामावरही जायचं नव्हतं. सकाळी ते अंघोळ करून, कपडे करून खुर्चीत बसायचे आणि मग आपण कपडे का केले ते आठवायचे. दोन-दोन दिवस त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. एकदा दुकानात गेले आणि बोलायला तोंड उघडलं तर आवाज आधी फुटेनाच. दुकानदाराला वाटलं, घसा बसलाय.

तिसऱ्या शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात मुलगी होती. एकटीच.

तिनं काही बोलायच्या आत काकांना सगळं दिसलं. डोळ्यांखाली काळं. कानाजवळ चार-पाच पांढरे केस. गळ्याजवळची हाडं वर आलेली. पिशवी उजव्या खांद्यावर, आणि डावा हात असा धरलेला की तो आपला नाहीच. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदाच ते तिला बघत होते. एकोणीस महिन्यांचं सगळं एकदमच दिसलं.

"डावा खांदा कधीपासून दुखतोय?" त्यांनी विचारलं.

"कुठे दुखतोय?" ती म्हणाली, आत आली, पिशवी ठेवली. मग पाठमोरीच म्हणाली, "चार महिने."

"जावयांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही." मग तीच म्हणाली, "मीही सांगितलं नाही. रोजच असतो की आम्ही समोरासमोर."

ती खुर्चीत बसली आणि रडली. काकांनी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत ते तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. लहानपणीही तिला रडताना बघितलेलं आवडायचं नाही. चहा पिताना ती बोलली. जिन्यातलं ते वाक्य आपण तुम्हाला बोललो, पण झोपेत ते आपल्यालाच ऐकू येतं, ती म्हणाली. सव्वा वर्ष तीही आली नव्हती. दिवाळखोर माणूस जसा दुसऱ्याच्या दारात उभा राहून त्याच्या कर्जाबद्दल ओरडतो तसं ते होतं. तुम्हाला दिसलं नाही, आणि मी तर बघायलाच आले नाही. हे तिनं सांगितलं तेव्हा काकांनी मान हलवली, पण नाही म्हटलं नाही. खोटं सांत्वन तिला लगेच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मूळ विषय काढला. तिकडे मागची खोली रिकामी आहे. ऊन येतं. जावयांशी बोलून झालंय. नातू सारखा विचारतो, आजोबा कसे दिसतात. तुम्ही चला. हे घर बंद करून टाकू.

काकांना जायचं होतं. किती जायचं होतं ते त्यांना त्या क्षणी कळलं. मागची खोली, ऊन, कुणाचा तरी आपटण्याचा आवाज, सकाळी तोंडातून निघणारा पहिला शब्द. त्यांनी कप खाली ठेवला.

"नको," ते म्हणाले.

"का?"

"तिकडे आलो की तू रोज दिसशील. महिनाभर दिसशील. मग दिसायची बंद होशील."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. "हे काय खूळ घेतलंत डोक्यात?"

"खूळ नाही. काल दारात तुझा खांदा मला दिसला. तुझ्या घरात चार महिने कुणाला दिसला नाही. मी तिथे असतो तर मलाही दिसला नसता."

"बाबा, म्हणून माणसं काय लांब लांब राहतात?"

"बाकीच्यांनी राहू नये. मी राहतो."

ती चिडली. म्हणाली, हा हट्ट आहे. ही शिक्षा आहे, स्वतःला करून घेताय, आणि मला पण. काकांनी ते ऐकून घेतलं. शिक्षा असेलही. त्यांना त्याची खात्री नव्हती. पण दुसरा उपाय त्यांना ठाऊक नव्हता, आणि हा उपाय त्यांनी आयुष्यात एकदाच, कालच, लागू पडलेला पाहिला होता.

"महिन्यातून एकदा ये," ते म्हणाले. "नातवालाही आण. दोन दिवस राहा आणि जा. मला तुम्हाला बघू दे."

शेवटी तिनं हात टेकले. खांदा दाखवण्याचं मात्र कबूल केलं, आणि दाखवलाही. महिनाभर व्यायामानं बरा होण्यातला निघाला. ते फोनवर तिनं सांगितलं तेव्हा काकांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. ती म्हणाली, ऐकू येतंय ना?

पण ते नंतरचं. त्या रविवारी निघताना ती पायात चपला घालून दारात उभी राहिली आणि वळली. आता तिनं त्यांना बघितलं. वरपासून खालपर्यंत, अगदी सावकाश. काकांना अवघडल्यासारखं झालं. असं त्यांच्याकडे कुणी बघितल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे.

"तुम्ही पण वाळलात, बाबा," ती म्हणाली. "बरेच."

"छे. आहे तसाच आहे."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

तिची पावलं ऐकू यायची थांबल्यावर काकांनी दार लावलं. मोरीत जाऊन दिवा लावला आणि आरशासमोर उभे राहिले. गालावरून हात फिरवला. मान या बाजूला वळवली, त्या बाजूला वळवली. पूर्ण वीस मिनिटं त्यांनी बघितलं.

आरशात कालचाच माणूस होता.